आईसाठीं केलेलें पुस्तक

वर्धा जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हां ख्रिस्ती लोकांस विनोबा भावे ह्यांचें नांव परकें नाहीं. धाम नदीकांठचें पवनार आपल्या दाराशींच आहे. त्यांची भूदान पदयात्रा सर्वांस ठाऊक असल्यामुळें तिजविषयीं येथें लिहीत नाहीं. वाचणाऱ्यास वाचलेलें समजावें म्हणून त्यांनीं जे श्रम केले, त्यांचीच हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

विनोबांचा जन्म कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं झाला. पुढें वडिलांच्या नोकरीमुळें कुटुंब बडोद्यास राहिलें. मातोश्री रुक्मिणीबाई मोठ्या भाविक. शिक्षण मात्र बेताचें. १९१५ च्या सुमारास शहरांत गीतेवर प्रवचनें चाललीं होतीं, तीं ऐकावयास त्या जात. परंतु मूळ संस्कृत श्लोक कळेनात. त्यांनीं मुलाजवळ मराठी गीता मागितली. त्यानें गद्य भाषांतर आणून दिलें, पण त्यांस पद्य हवें होतें. मग वामन पंडितांची समश्लोकी आणिली. थोड्या दिवसांनीं मातोश्रींनीं सांगितलें कीं, हीही आपणांस संस्कृताइतकीच कठीण. ह्याहून सोपी मिळत नाहीं असें मुलानें उत्तर केलें, तेव्हां मग तूंच कां करीत नाहींस, असें त्यांनीं उलट विचारिलें.

शिष्यास समजलें नाहीं म्हणजे पुष्कळ शिक्षक त्याच्या बुद्धीस बोल लावून मोकळे होतात. त्या माउलीनें लाज न धरितां पुस्तकासच जाब विचारिला, ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

२५ मार्च १९१६ रोजीं विनोबांनीं घर सोडिलें व ७ जूनला ते गांधीजींस मिळाले. मातोश्री २४ ऑक्टोबर १९१८ रोजीं वारल्या. मागितलेलें पुस्तक त्यांच्या हातीं पडलें नाहीं.

८ एप्रिल १९२१ रोजीं विनोबा आश्रम चालविण्यास वर्ध्यास आले. तेथें ७ ऑक्टोबर १९३० रोजीं त्यांनीं लेखनास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं ७०० श्लोकांचें मराठी रूपांतर पुरें झालें. नांव ठेविलें गीताई. गीता आणि आई ह्या एका शब्दांत आल्या. छापण्यापूर्वीं आश्रमांतील मुलींच्या एका लहान वर्गास त्यांनीं तें शिकवून पाहिलें, व जेथें त्यांस कठीण गेलें तेथें फेरफार केला. एवढा संस्कृतज्ञ पुरुष, आणि त्याचे परीक्षक कोण, तर शाळकरी पोरी! १९३२ सालीं ते धुळ्याच्या तुरुंगांत असतां पुस्तक प्रसिद्ध झालें. तेथील त्यांचीं गीतेवरील प्रवचनें साने गुरुजींनीं टिपून घेतलीं. पुढें बंधु शिवाजीराव ह्यांच्यासह त्यांनीं गीताईचा शब्दार्थकोशही केला, म्हणजे अडलेल्या वाचकाची तीही सोय झाली.

आम्हां कॅथलिकांस ही तळमळ नवी नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं गोव्यांत ख्रिस्तपुराण छापिलें, तें नव्या ख्रिस्ती लोकांस आपल्या भाषेंत वाचावयास मिळावें म्हणूनच. आपल्या आजीआजोबांनीं तर अर्थ न उमगतां लॅटिन मिस्सा भक्तिभावानें ऐकिली. विनोबांनीं आमचा नवा करारही मनःपूर्वक वाचिला व त्यांतून ख्रिस्तधर्म-सार निवडून काढिलें.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनार येथें त्यांनीं देह ठेविला. वर्ध्याजवळ गोपुरी येथें गीताई मंदिर आहे. त्यास छप्पर नाहीं, आंत मूर्ति नाहीं. उभ्या शिळांवर मराठी श्लोक कोरले आहेत, ते येणाऱ्याजाणाऱ्यास चालतां चालतां वाचतां येतात.