नांदण्याची सक्ति आणि डॉ. रखमाबाई

एका माणसाच्या देहावरील दुसऱ्याचा हक्क कोर्टाच्या हुकुमानें चालवितां येतो काय, आणि तो हुकूम मानला नाहीं तर त्या माणसास तुरुंगांत घालणें हा न्याय होय काय, हे प्रश्न आज वाचणारास केवळ ग्रंथांतले वाटतील. परंतु १८८४ पासून १८८८ पर्यंत चार वर्षें ते मुंबईच्या हायकोर्टाभोंवतीं प्रत्यक्ष गाजत होते, आणि प्रतिवादी म्हणून उभी होती ती सुतार जातींतील वीसबावीस वर्षांची एक मुलगी. डॉ. रखमाबाईंचें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें आहे. पण जें ऐकलें आहे त्यांत दंतकथेचा भाग इतका मिसळला आहे कीं, त्या बाईंनीं नेमकें काय केलें हें बाजूसच राहतें. म्हणून त्यांचें चरित्र थोडक्यांत, पण जेथें थांबणें अवश्य आहे तेथें थांबून, सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईंत २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं झाला. त्या अडीच वर्षांच्या असतांनाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई त्या वेळीं अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. सुतार जातींत विधवेनें पुन्हां लग्न करण्याची चाल होती, व तदनुसार कांहीं वर्षांनीं जयंतीबाईंनीं डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशीं लग्न केलें. हे सखाराम अर्जुन म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविणारे नामांकित वैद्य, वनस्पतिशास्त्राचे जाणते व सुधारणेचे कैवारी. पुनर्विवाहापूर्वीं जयंतीबाईंनीं पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नांवें करून दिली. १८५६ च्या कायद्याप्रमाणें पुन्हां लग्न करणाऱ्या विधवेचा त्या मिळकतीवरील हक्क एरवींही जातच होता. ही मिळकतीची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील कज्जाचा बराचसा धुरळा तिच्याचभोंवतीं उडाला.

एवढ्या सुधारलेल्या घरांतही अकराव्या वर्षीं मुलीचें लग्न झालेंच. नवरा दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुनांच्या नात्यांतला, वयानें एकोणीसवीस वर्षांचा व गरीब. त्यानें सासऱ्याच्या घरीं राहावें, शिकावें व पोटापाण्याला लागावें असें ठरलें होतें. तें घडलें नाहीं. अभ्यास त्याला मानवला नाहीं, सासऱ्याची शिस्तही मानवली नाहीं, आणि तो आपल्या मामाच्या आश्रयास जाऊन राहिला. अल्पवयीन मुलीस नवऱ्याच्या स्वाधीन करणें सखाराम अर्जुनांस वैद्य या नात्यानेंच मान्य नव्हतें. त्यामुळें रखमाबाई माहेरींच राहिल्या. लग्नाबरोबर शाळा सुटली होती. परंतु मिशनच्या वाचनालयांतून पुस्तकें घरीं आणवून त्या एकट्या वाचीत राहिल्या, इंग्रजी शिकल्या, आणि जसजशी समज येत गेली तसतसा त्यांचा निश्चय होत गेला कीं, अजाण वयांत दुसऱ्यांनीं जुळविलेल्या या संबंधास आपली संमति कधींच नव्हती व पुढेंही असणार नाहीं.

मार्च १८८४ मध्यें दादाजीनें वकिलामार्फत नोटीस दिली व पुढें बायकोला नांदावयास पाठवावें म्हणून हायकोर्टांत दावा लाविला. त्याचें म्हणणें असें कीं, मिळकतीच्या लोभानें सासरच्या मंडळींनीं मुलीचे कान भरले. रखमाबाईंच्या बाजूनें त्याचें दारिद्र्य, त्याची नादुरुस्त प्रकृति व त्याचें वर्तन हीं कारणें मांडण्यांत आलीं. वकिलांस कैफियत भरण्याकरितां कारणें लागतात, तीं त्यांनीं दिलीं. पण खरें कारण त्या सर्वांच्या तळाशीं होतें, तें संमतीचें. दावा चालण्यापूर्वींच, १८८५ सालीं, सखाराम अर्जुन वारले, आणि मुलीच्या पाठीशीं उभा राहणारा घरांतला कर्ता पुरुष गेला. त्याच वर्षीं एका हिंदु स्त्रीच्या टोपणनांवानें टाइम्स ऑफ इंडियांत बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर दोन पत्रें प्रसिद्ध झालीं; तीं रखमाबाईंचीं होतीं.

२१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं दादाजीचा दावा काढून टाकला. त्यांच्या निकालाचें मर्म असें कीं, एकत्र नांदत असलेलें जोडपें विभक्त झालें असतां पुन्हां एकत्र आणण्यासाठीं इंग्रजी कायद्यानें हा उपाय दिला आहे. जेथें नांदणें कधीं सुरूच झालें नाहीं, तेथें न कळत्या वयांत लग्न झालेल्या तरुण स्त्रीस कोर्टानें ओढून नवऱ्याच्या घरीं पोंचवावें यास कोणताच आधार नाहीं. निकाल बाहेर पडतांच हिंदुधर्म बुडाला म्हणून एकच हाकाटी उठली.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. जो बुडाला म्हणून आक्रोश झाला तो हक्क मुळांत आला कोठून? स्मृतिकारांनीं पत्नीस कितीही बंधनें घातलीं असोत, नांदत नाहीं म्हणून तिला राजाच्या बंदिशाळेंत घाला असें त्यांनीं सांगितलेलें नाहीं. हा दावा जन्मला इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मकोर्टांत. तेथून तो हिंदुस्थानांत आला; १८६७ सालीं बंगाल्यांतील एका मुसलमान दांपत्याच्या कज्जांत प्रिव्ही कौन्सिलानें असा दावा येथील दिवाणी कोर्टांत चालतो असें ठरविल्यावर त्याची मुळें घट्ट झालीं, आणि हुकूम न पाळणारास कैदेंत टाकण्याची तजवीज दिवाणी कायद्यानें करून ठेविली. आणखी मौज ही कीं, ज्या १८८४ सालीं दादाजीची नोटीस आली, त्याच सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें आपल्या देशांत ही कैद रद्द केली. म्हणजे विलायतेनें टाकून दिलेली बेडी आमच्या धर्माभिमान्यांनीं सनातन म्हणून कवटाळली! शिवाय ज्या जातींत विधवेचा पुनर्विवाह रूढ होता, त्या जातीच्या मुलीवर उच्च वर्णांचें शास्त्र लादलें जात आहे याचीही फारशी कोणास खंत वाटली नाहीं. जातींतील चालीरीतींचा लवचिकपणा जाऊन त्या जागीं कोर्टाचा ताठर हुकूम आला, आणि त्यालाच परंपरा हें नांव मिळालें.

दादाजीनें अपील केलें. १८८६ सालीं मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ति बेली यांनीं पिन्हीसाहेबांचा निकाल फिरविला व दावा पुन्हां चौकशीस पाठविला. या सुनावणींत रखमाबाईंच्या बाजूनें उभे राहणाऱ्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. तेलंगांचें पांडित्य व कायद्याचें ज्ञान यांविषयीं दुमत नाहीं. तरी कायदा जसा होता तसा तो त्यांच्या विरुद्धच गेला. शेवटीं ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, रखमाबाईंनीं एक महिन्याच्या आंत नवऱ्याच्या घरीं जावें. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी लागेल.

रखमाबाईंनीं सांगितलें कीं त्या जाणार नाहींत. कायद्यानें जी शिक्षा सांगितली आहे ती त्या भोगतील. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील थोर क्षण तो हाच. त्या पळून गेल्या नाहींत, दुखण्याचें ढोंग केलें नाहीं, धर्मांतराची वाट धरली नाहीं, कोर्टाचा अधिकार नाकारला नाहीं. हुकूम अन्यायाचा आहे असें उघड म्हणून त्याची शिक्षा उघडपणें घेण्यास त्या तयार झाल्या, आणि तेवढ्यानेंच सरकारची व कोर्टाची पंचाईत झाली. कारण निरपराध, सुशिक्षित, बावीस वर्षांच्या स्त्रीस चोरांच्या शेजारीं कोंडलें म्हणजे कायद्याचें स्वरूप साऱ्या जगास दिसणार होतें. पुढें या मार्गास मोठमोठीं नांवें मिळालीं व त्यावर मोठमोठ्या चळवळी उभ्या राहिल्या. १८८७ त या बाईंपाशीं ना संघटना होती ना अनुयायी.

वर्तमानपत्रांत त्या काळीं जें माजलें त्याचा इतिहास आमच्या धंद्यास फारसा भूषणावह नाहीं. केसरी व मराठा या पत्रांतून टिळकांच्या पक्षानें रखमाबाईंचा कडक समाचार घेतला, व त्यांच्या वर्तनाचा दोष इंग्रजी शिक्षणाच्या माथीं मारला. परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये हें टिळकांचें सूत्र होतें, आणि त्यांत तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण येथें घरांत हात घालण्यास सरकारला बोलावलें कोणीं? रखमाबाईंनीं नव्हे, दादाजीनें! सरकारचा शिपाई स्त्रीस ओढून आणण्यास चालतो आणि तिला सोडविण्यास चालत नाहीं, हा तर्क आम्हांस तेव्हांच्या लेखांतूनही उमगत नाहीं. दुसऱ्या बाजूस रानडे, तेलंग व बेहरामजी मलबारी यांनीं रखमाबाईंची बाजू घेतली. त्यांच्या बचावासाठीं कमिटी नेमली गेली. अमेरिकेंत असलेल्या पंडिता रमाबाईंनीं १८८७ सालीं तेथें छापलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या निकालावर संतापानें लिहिलें. सुधारणेच्याच वादांतून आगरकर त्याच वर्षीं केसरीपासून दूर झाले व पुढल्या वर्षीं सुधारक पत्र निघालें.

विक्टोरिया राणीनें आपल्या हुकुमानें हें लग्न मोडलें, अशी कथा अजून सांगतात. खटला मिटला तो तडजोडीनें. जुलै १८८८ मध्यें दोन हजार रुपये घेऊन दादाजीनें हुकुमाची बजावणी न करण्याचें कबूल केलें, व पुढील वर्षीं दुसरें लग्न केलें. पुरुषास तें करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाई मात्र कायद्याच्या दृष्टीनें त्याची पत्नीच राहिल्या. त्यांस तुरुंग चुकला. न्याय मिळाला असें म्हणवत नाहीं.

१८८९ सालीं त्या विलायतेस गेल्या. मुंबईच्या कामा इस्पितळांतील डॉ. एडिथ पीची यांचें त्यांस साहाय्य होतें. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत पांच वर्षें अभ्यास करून १८९४ सालीं त्या डॉक्टर झाल्या. पहिल्या हिंदी स्त्री डॉक्टर म्हणून त्यांचा जो उल्लेख होतो तो बरोबर नाहीं. आनंदीबाई जोशी व बंगाल्यांतील कादंबिनी गांगुली यांनीं १८८६ सालींच ती पायरी गाठली होती. पण आनंदीबाई पदवीनंतर वर्षभरांतच गेल्या. रखमाबाईंनीं पस्तीस वर्षांच्या आसपास रुग्णसेवा केली, प्रथम सुरतेस व नंतर राजकोटास, बायकांच्या इस्पितळांत. ज्या बायकांस पुरुष वैद्यापुढें जाण्यापेक्षां मरण बरें वाटे, अशांचीं बाळंतपणें करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. १९२९ सालीं पडदापद्धतीविरुद्ध त्यांनीं एक पुस्तिकाही लिहिली.

१९०४ सालीं दादाजी वारला, तेव्हां रखमाबाईंनीं विधवेचीं पांढरीं वस्त्रें घेतलीं. हें वाचून कित्येक सुधारक बुचकळ्यांत पडतात, व सनातनी मनांतून खूष होतात. आम्हांस दोघांचीही गंमत वाटते. ज्या बाईनें सक्तीस नकार दिला, तिनें आपखुशीनें काय नेसावें याचा हिशेब तिनें इतरांस कां द्यावा?

त्यांच्या हयातींतच कायदा हळूहळू हलला. १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारा झालें. १९०८ च्या दिवाणी कायद्यानें कैद करावी किंवा न करावी हें कोर्टाच्या मर्जीवर सोडलें, आणि १९२३ सालीं नांदण्याच्या हुकुमासाठीं कैद अजिबात उठली. मिळकतीची जप्ती तेवढी राहिली. रखमाबाई तेव्हां अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांच्या होत्या. मे १९५५ मध्यें हिंदु विवाहाचा कायदा अमलांत आला. त्यानें हिंदु स्त्रीस घटस्फोट दिला, परंतु त्याच्या नवव्या कलमांत हा जुना दावा, पतिपत्नी दोघांसही खुला करून, कायम ठेवला. चार महिन्यांनीं, २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं रखमाबाई निवर्तल्या. पुढें १९८३ सालीं आंध्र प्रदेशच्या हायकोर्टानें तें कलम स्त्रीच्या देहस्वातंत्र्यास बाधक म्हणून घटनाबाह्य ठरविलें. १९८४ सालीं सुप्रीम कोर्टानें तो निकाल फिरवून, संसार मोडूं नये म्हणून हा उपाय आहे व त्यापायीं आतां कोणास तुरुंगांत जावें लागत नाहीं, असें सांगून कलम वैध ठरविलें.