संगणकाची मेमरी आणि जॉन फॉन नॉयमन



रॅम, रॉम, हार्ड डिस्क यांच्या व्याख्या मुलं पाठ करतात. पण संगणकाला मेमरी लागते तरी कशाला, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचं उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडतं, त्या गणितज्ञांची आज ओळख करून घेऊ.

जॉन फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेत मोठ्या पदावर होते. लहानपणी हा मुलगा टेलिफोन डिरेक्टरीचं पान नजरेखालून घालायचा आणि नावं-नंबर धडाधड म्हणून दाखवायचा, असं सांगतात. १९२६ साली गणितात डॉक्टरेट आणि त्याच वर्षी झुरिकहून रसायन अभियांत्रिकीची पदविका! १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. तिथे फळ्याच्या एका कोपऱ्यात समीकरण लिहायचे आणि विद्यार्थ्यांचं उतरवून होण्याआधीच पुसून टाकायचे म्हणे. आपल्याकडे पालकांनी तक्रारच केली असती!

दुसऱ्या महायुद्धात ते अणुबाँबच्या कामात होते. त्यासाठी लागणारी आकडेमोड हाताने संपण्यासारखी नव्हती. १९४४ मध्ये त्यांना कळलं की फिलाडेल्फियात एनिॲक नावाचं प्रचंड यंत्र तयार होतंय. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, पण यंत्राच्या लक्षात राहायच्या जेमतेम २० संख्या. वेगळ्या प्रकारचं गणित द्यायचं तर वायरी काढून पुन्हा जोडायच्या, बटणं फिरवायची. त्यात दिवसच्या दिवस जायचे.

पुढच्या यंत्राची चर्चा तिथे सुरूच होती. पाऱ्याने भरलेल्या नळीत ध्वनिलहरी फिरवत ठेवून आकडे साठवायचे, ही युक्ती प्रेस्पर एकर्ट यांची. जून १९४५ मध्ये फॉन नॉयमन यांनी या नव्या यंत्राचा अहवाल लिहिला. यंत्राच्या भागांची तुलना त्यांनी माणसाच्या मज्जासंस्थेशी केली आणि साठवणीच्या भागाला मेमरी म्हटलं. मुख्य मुद्दा असा, की आकडे आणि ते कसे वापरायचे याच्या सूचना, दोन्ही एकाच मेमरीत ठेवायच्या. मग वायरी बदलायला नकोत, सूचना बदलली की काम बदललं. आपल्या मोबाईलमध्ये नवं ॲप टाकता येतं ते याच कल्पनेमुळे.

पण अहवालावर नाव छापलं गेलं एकट्या फॉन नॉयमन यांचं. एकर्ट आणि त्यांचे सहकारी जॉन मॉकली दुखावले. अहवाल आधीच सगळीकडे वाटला गेल्याने पेटंटही हातचं गेलं. माझ्या मते हा अन्यायच होता. वर्गात सांगताना तिन्ही नावं सांगावीत.

नंतर प्रिन्स्टनला त्यांनी स्वतःचं यंत्र उभारलं, ते १९५२ मध्ये सुरू झालं. त्याच्या मेमरीत ४० नळ्या होत्या, टीव्हीच्या जुन्या पिक्चर ट्यूबसारख्या. प्रत्येकीच्या पडद्यावर विजेच्या भाराचे १,०२४ ठिपके. सगळे मिळून फक्त ५ केबी! हे ठिपके क्षणात विरून जायचे, म्हणून सतत वाचून पुन्हा लिहावे लागत. गंमत म्हणजे आजची रॅमही हेच करते. तिच्यातला भार गळत असतो, म्हणून सेकंदाला कितीतरी वेळा तो परत भरावा लागतो. लाईट गेली की सगळं साफ, फळा पुसल्यासारखं. रॉममध्ये मात्र संगणक सुरू करण्याच्या सूचना कायम राहतात आणि हार्ड डिस्क म्हणजे आपलं दप्तराचं कपाट, काढायला वेळ लागतो पण मावतं भरपूर.

याच धर्तीचं यंत्र पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलं. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं.

ते पाहायला फॉन नॉयमन नव्हते. १९५५ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचं कळलं. वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात भाऊ जर्मन पुस्तक वाचून दाखवायचा, तेव्हा पान उलटायच्या आत पुढच्या पानाची सुरुवात ते तोंडपाठ म्हणायचे. पण हळूहळू बुद्धी साथ सोडू लागली. त्यांनी मुलीला, मरीनाला, सोप्या बेरजा घालायला सांगितलं, सात अधिक चार अशा, आपल्या पहिलीतल्या. थोड्याच वेळात ती रडत खोलीबाहेर गेली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले. मेंदू आणि संगणक यांच्यावरचं त्यांचं अपुरं पुस्तक पुढच्या वर्षी छापलं गेलं.