ग्रेस डार्लिंग

ग्रेस हॉर्सली डार्लिंग (२४ नोव्हेंबर, १८१५ – २० ऑक्टोबर, १८४२) ही इंग्लंडमधील एका दीपगृहरक्षकाची कन्या होती. १८३८ साली फार्न बेटांजवळ फुटलेल्या फोरफारशायर या आगबोटीवरील लोकांना वाचविण्यातील सहभागासाठी ती प्रसिद्ध आहे.

प्रारंभिक जीवन

ग्रेसचा जन्म नॉर्थंबरलंडमधील बॅमबरो गावी झाला. विल्यम व थॉमसिन डार्लिंग यांच्या नऊ अपत्यांपैकी ती सातवी. तिचे बालपण फार्न बेटांवर गेले. १८२६ पासून हे कुटुंब लाँगस्टोन दीपगृहात राहत असे.

फोरफारशायरचा अपघात

फोरफारशायर ५ सप्टेंबर, १८३८ रोजी हल बंदरातून डंडीकडे निघाली. बॉयलर गळत असूनही प्रवास चालू ठेवण्यात आला. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ यंत्रे बंद पडली आणि बोट वादळात दक्षिणेकडे वाहत गेली. ७ सप्टेंबरच्या पहाटे बिग हार्कर खडकावर आदळून तिचे दोन तुकडे झाले. बोटीवर सुमारे ६० जण होते. त्यांपैकी नऊ जण लहान होडीतून निसटले, तर खडकावर नऊ जण जिवंत उरले.

ग्रेसला खिडकीतून बोटीचे अवशेष दिसले. भाऊ किनाऱ्यावर गेलेला असल्याने होडी वल्हविण्यास वडिलांखेरीज तीच होती. वाऱ्याचा मारा चुकविण्यासाठी दोघांनी बेटांच्या आडोशाने सुमारे एक मैलाचा लांबचा मार्ग धरला. विल्यम खडकावर उतरले असता ग्रेसने एकटीने होडी खडकापासून सांभाळून धरली. पहिल्या फेरीत चार पुरुष व सारा डॉसन यांना आणण्यात आले. सारा यांची दोन्ही मुले त्यांच्या कुशीतच दगावली होती. उरलेल्या चौघांना विल्यम यांनी वाचलेल्या खलाशांच्या मदतीने आणले. त्या वेळी ग्रेस दीपगृहात राहिली होती. पुढील चित्रांत व कथांत मात्र वडिलांचा वाटा बराच झाकोळला गेला.

प्रसिद्धी व मृत्यू

पितापुत्रीस पदके मिळाली. ग्रेससाठी ७०० पौंडांहून अधिक वर्गणी जमली. त्यांत राणी व्हिक्टोरियाचे ५० पौंड होते. चित्रकार दीपगृहावर येऊ लागले. तिच्या केसांच्या बटांचीही मागणी होऊ लागली. ग्रेस मात्र दीपगृहातच राहिली. क्षयरोगाने वयाच्या २६व्या वर्षी बॅमबरो येथे तिचे निधन झाले.

स्मारक

बॅमबरो येथे १९३८ साली तिच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. सुटकेसाठी वापरलेली होडी तेथे जतन केलेली आहे.