प्रेमाची सुवार्ता गाणारा कोकणचा कवी



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. आपल्या मिस्सेत आणि प्रार्थनासभेत गायली जाणारी कितीतरी मराठी भक्तिगीते त्यांची आहेत. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. परंतु ख्रिस्ताची ओळख लोकांना कशी करून द्यावी, हे त्यांच्या जीवनातून आपणही शिकू शकतो.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. त्या गृहस्थाने वाद घातला नाही की दोष दाखवले नाहीत. टिळक वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच खिळले. त्या प्रवचनात आज्ञा आहेत, पण त्याची सुरुवात आज्ञांनी होत नाही. दीनांना आणि शोकग्रस्तांना प्रभू आधी धन्य म्हणतो, मग मार्ग दाखवतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला नांदायला आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे चालूच होते. टिळक स्वभावाने तापट होते, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर जबरदस्ती केली नाही. माणसामाणसांतला जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच उमगले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकिकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे.

उपदेशकाचे काम करताना टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांचा आधार घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. कीर्तनकार आधी कथा रंगवतो आणि बोध त्या कथेतूनच उमलतो. टिळकांनी ख्रिस्तचरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते निवर्तले.

व्यासपीठावरून असो वा घरात मुलांपुढे, नुसते उपदेशाचे डोस पाजले की ऐकणारा दबून जातो किंवा दूर जातो. दारू सोडू न शकलेला माणूस आपली चूक जाणूनच चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसतो. पाप हे पापच, ते झाकायचे नाही. पण परत येणाऱ्याकडे पिता धावत येतो, ही बातमी त्याला आधी ऐकू आली पाहिजे. बदलण्याचे बळ त्या बातमीतूनच येते.

हे प्रभो, तुझी सुवार्ता आमच्या मुखी सुवार्ताच राहो. आमेन.