डॉ. आनंदीबाई जोशी – जीवनपरिचय : गरोदर बायकांसाठी शिकलेली डॉक्टर

मूळ नाव : यमुना गणपतराव जोशी
जन्म : 31 मार्च 1865
पतीचे नाव : गोपाळराव जोशी
शिक्षण : एम.डी., वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, फिलाडेल्फिया (1886)
मृत्यू : 26 फेब्रुवारी 1887, पुणे



वेरूळच्या सहलीत कैलास लेणं बघता बघताच पाय दुखायला लागतात आणि बाकीची लेणी राहून जातात. पण पुढच्या वेळी 14 नंबरच्या लेण्यात, म्हणजे रावण की खाईत, नक्की जा. तिथे सप्तमातृका कोरलेल्या आहेत. सात आया आणि त्यांच्यासोबत लहान लहान मुलं! हजार वर्षांहून जुन्या दगडात आपल्या लोकांनी आईला देवीचं स्थान दिलं.

आता प्रश्न असा, की ज्या समाजाने आईला देवी मानलं, त्या समाजात घरातली खरीखुरी आई बाळंत होताना तिची काळजी कशी घेतली जायची? हा प्रश्न एका मराठी मुलीला फार लहान वयात पडला, तोही स्वतःचं बाळ गमावल्यावर. त्या मुलीचं नाव आनंदीबाई जोशी. परीक्षेत आपण पहिली महिला डॉक्टर एवढंच उत्तर लिहितो आणि मोकळे होतो. पण ती डॉक्टर कशासाठी झाली, हे समजून घेतलं तरच तिचं मोठेपण कळतं.

बालपण आणि लग्न

यमुनाचे वडील कल्याणचे. घराणं एके काळचं जमीनदारांचं, पण पुढे परिस्थिती खालावलेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, विधुर आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली.

गोपाळरावांना बायकोने शिकावं असं मनापासून वाटायचं. त्या काळात ही फारच वेगळी गोष्ट होती. पण त्यांचा स्वभाव हट्टी आणि तापट होता. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमली, की ते चिडत, मारतसुद्धा. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत या माराची आठवण आहे. म्हणून गोपाळरावांचं श्रेय मान्य करताना ही बाजूही आपण लपवू नये. शिक्षण चांगलं असलं तरी ते मारून द्यायचं नसतं.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी आनंदी आई झाली. मुलगा झाला, पण तो जेमतेम दहा दिवस जगला. त्याला योग्य वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत.

मुलांनो, त्या काळचं बाळंतपण कसं असायचं ते जरा डोळ्यांसमोर आणा. घरातली एखादी अंधारी, बंद खोली. आत शेगडीचा धूर. विटाळ म्हणून घरचं कोणी जवळ जायचं नाही. सोबत असायची सुईण. तिच्या हाताला अनुभव असायचा, काही सुइणी तर फार हुशार असायच्या. पण जंतू म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवलेलं नसायचं. नाळ ज्या हत्याराने कापायची ते उकळलेलं नसलं, तर बाळाला धनुर्वात व्हायचा. पाचवीला सटवाईची पूजा करायची आणि बाळ जगू दे म्हणून हात जोडायचे, एवढंच घरच्यांच्या हाती उरायचं.

मग डॉक्टरला का नाही बोलवायचे? कारण डॉक्टर पुरुष! परक्या पुरुषाला आपलं दुखणं सांगायला बायकांना लाज वाटायची आणि घरच्यांनाही ते पटायचं नाही. लाजेपायी बाई दुखणं अंगावर काढायची आणि कधी कधी जीवच गमवायची. बायकांच्या जवळ बसून, त्यांचं ऐकून घेणारी डॉक्टरही बाईच हवी, ही गोष्ट आनंदीच्या मनात पक्की बसली.

अमेरिकेचा रस्ता

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा प्रवास झाला. 1880 मध्ये त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र एका अमेरिकन मिशनऱ्याला पाठवलं. ते एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना त्यांच्या वाचनात ते आलं. त्यांनी आनंदीला पत्र लिहिलं. पुढे दोघींचं इतकं जमलं, की आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली.

इकडे मात्र लोकांचा विरोध होता. बाई एकटी समुद्रापार जाणार, धर्म बुडवणार, असं बोललं जायचं. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर इथे आनंदीबाईंनी भर सभेत भाषण केलं. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी सांगितलं, आणि धर्म बदलणार नाही हेही स्पष्ट केलं. तेव्हा त्यांचं वय अठराही पूर्ण नव्हतं!

7 एप्रिल 1883 ला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. गोपाळराव सोबत नव्हते. फिलाडेल्फियाच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

प्रबंधाचा विषय : प्रसूतिशास्त्र

पदवीसाठी प्रबंध लिहावा लागायचा. आनंदीबाईंनी विषय निवडला हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र, म्हणजेच गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरची काळजी. बाळ गमावलेल्या आईने हाच विषय निवडावा, याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या प्रबंधात त्यांनी अमेरिकन पुस्तकांबरोबर आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांचाही आधार घेतला. आपल्याकडे या विषयाचा विचार खूप पूर्वीपासून झाला होता. चरकसंहितेत गर्भवतीने कोणत्या महिन्यात काय खावं हे महिन्यागणिक दिलं आहे. तिने जड ओझं उचलू नये, खडबडीत वाटेने गाडीतून जाऊ नये, तिचं मन प्रसन्न ठेवावं, असाही विचार त्यात आहे. सुश्रुतसंहितेत मूल आडवं आलं तर काय करायचं याची चर्चा आहे. पण ग्रंथातलं हे ज्ञान त्या अंधाऱ्या खोलीपर्यंत पोचलं नाही.

युरोपातही सगळं आलबेल नव्हतं बरं का! 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरने डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा तापाने मरणाऱ्या बाळंतिणींची संख्या झपाट्याने कमी झाली. तरीही बऱ्याच डॉक्टरांना ते पटायला पुढे कित्येक वर्षं लागली. म्हणजे बाळंतिणीचा जीव अज्ञानाने सगळीकडेच जात होता. एका बाजूला आपली जुनी जाण, दुसऱ्या बाजूला नवं विज्ञान. दोन्ही शिकलेली आनंदीबाई म्हणूनच महत्त्वाची होती.

11 मार्च 1886 रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी ही दोन्ही नावं लक्षात ठेवा.

अपुरं राहिलेलं काम

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्यासाठी एवढा अट्टहास केला, ते काम आता समोर होतं. पण परदेशातली थंडी, बदललेलं अन्न आणि कष्ट यांनी शरीर पोखरलं होतं. क्षयरोग बळावला. 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या आजारी अवस्थेतच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे.

कोल्हापूरच्या त्या विभागात बसून एकाही बाईला तपासायचं त्यांच्या नशिबी आलं नाही. मग त्या अयशस्वी झाल्या का? नाही. त्यांनी वाट दाखवली. काही वर्षांतच रखमाबाई परदेशातून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरत, राजकोट इथे आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

आजची गोष्ट

आज गावोगावी आशाताई घरी येऊन गरोदर बाईची नोंद करतात. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, रक्तदाब आणि वजनाची तपासणी होते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून 2005 पासून जननी सुरक्षा योजना आहे.

पण लाज अजून पूर्ण गेलेली नाही. कंबर दुखते, पायाला सूज येते, डोकं दुखतं, आणि बाई म्हणते, होईल बरं. सूज आणि डोकेदुखी ही वाढलेल्या रक्तदाबाची खूण असू शकते. तेव्हा मुलांनो, तुमच्या घरात आई, काकू, वहिनी कोणी गरोदर असेल, तर तिला एवढंच विचारा, की तपासणीला गेलीस का? आणि ती एकटी जाणार असेल, तर कार्ड हातात घेऊन तिच्यासोबत जा.

विचार करा व लिहा

1. आनंदीबाईंना डॉक्टर व्हावंसं का वाटलं?
2. त्या काळी बायका डॉक्टरकडे का जात नसत? आज त्यात काय बदल झाला?
3. गोपाळरावांच्या वागण्यातली तुम्हाला पटलेली एक आणि न पटलेली एक गोष्ट लिहा.
4. उपक्रम : तुमच्या आजीला विचारा, तिच्या वेळी बाळंतपण कुठे व्हायचं आणि सोबत कोण असायचं. तिने सांगितलेलं दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.