ए४ कागद आणि झेरॉक्स: दोन्हींच्या मुळाशी एकच प्रोफेसर

ए४ कागद आणि झेरॉक्स, दोन्हींची मुळं शोधत गेलो की मला एकच माणूस भेटतो: गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबेर्ग.

१७४२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटजवळच्या एका गावात, पाद्र्याच्या घरी तो जन्मला. १७ भावंडांत सगळ्यात धाकटा. पाठीचा कणा वाकलेला, त्यामुळे कुबड आलं आणि उंची खुंटली. तरी ग्योटिंगेन विद्यापीठात तो फिजिक्सचा प्रोफेसर झाला. नुसतं बोलण्यापेक्षा प्रयोग करून दाखवण्यात त्याचा जीव होता.

१७७७ मध्ये त्याने स्थिर वीज निर्माण करायचं एक भलंमोठं यंत्र बनवलं. राळेच्या तबकडीवर उडालेली धूळ बसली आणि चांदण्यांसारखी नक्षी उमटली. वीज जशी पसरली होती, तशी धूळ चिकटली होती! कागद दाबून त्याने ती नक्षी उचललीसुद्धा. १९३८ मध्ये अमेरिकेत चेस्टर कार्लसनने पहिली झेरॉक्स काढली ती याच तत्त्वावर. मशीनमधला टोनर म्हणजे तशीच चिकटणारी पूड.

१७८६ मध्ये त्याने योहान बेकमन यांना एक पत्र लिहिलं. विषय होता कागद. मधोमध दुमडला तरी आकार तोच राहील, असा कागद कोणता?

फोनवरचा १६:९ व्हिडिओ मधोमध कापून बघा. प्रत्येक तुकडा ८:९, म्हणजे जवळपास चौरस. आकार बदलला. पण लांबी रुंदीच्या १.४१४ पट (२ चं वर्गमूळ) असेल तर अर्धा कागदही त्याच आकाराचा राहतो. गंमत म्हणजे त्याच्या हाताशी असलेला साधा कागद याच प्रमाणाचा निघाला.

१७९९ मध्ये तो गेला. त्यानंतर १९२२ मध्ये वाल्टर पोर्स्टमनने याच प्रमाणावर जर्मनीचं मानक उभं केलं: ए० म्हणजे १ चौरस मीटर, तो चारदा दुमडला की ए४, २१० × २९७ मिमी. १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ २१६.

पण उत्तर बरोबर असलं म्हणून सगळे ते मानतात असं नाही. अमेरिका आणि कॅनडा अजून लेटर साइजवर आहेत, २१६ × २७९ मिमी. त्यात लीगल आणखी वेगळा, २१६ × ३५६ मिमी. आमच्या तुळजापुरात दुकानदाराने लीगलची पीडीएफ ए४ वर 'अ‍ॅक्चुअल साइज'ने छापली, तर उरलेले ५९ मिमी जाणार कुठे? आणि सहीची जागा नेमकी तळाशीच असते! म्हणून प्रिंटआधी पानाची साइज बघा, नाहीतर 'फिट टू पेज' सांगा.

ए३ चा ए४ करताना मात्र ही कटकट नाही. दुकानदार ७१% टाकतो आणि पान बरोब्बर बसतं, कारण १ भागिले १.४१४ म्हणजे साधारण ०.७१. लिख्टेनबेर्गच्या प्रश्नाचा हा रोजचा उपयोग.