गार्सिया द ओर्ता : झाडपाल्याचा पारखी वैद्य

आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींच्या स्वयंपाकघरात ओव्याची पुरचुंडी, सुंठेचा तुकडा, हळकुंड आणि हिंगाची डबी ही असायचीच. पोराचे पोट दुखू लागले की बेंबीभोवती हिंग लावावा, पाय मुरगळला तर निर्गुडीच्या पाल्याने शेकावे, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही. सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे ते चालत आले. परंतु त्याच वाटेने चुकीची गोष्टही चालत येते. सिद्धेश्वराच्या यात्रेत जडीबुटीवाला सुकलेल्या मुळ्या मांडून बसतो आणि एकाच मुळीवर संधिवात, मधुमेह, वांझपण सारे बरे करून दाखवण्याची हमी देतो. आपण घेतो. झाड कोणते, सांगणारा कोण, मात्रा किती, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

हेच प्रश्न विचारण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका परदेशी वैद्यांची हकीकत या अंकासाठी लिहावी असे मनात होते. ते गोव्यात राहिले, आपल्या दख्खनच्या राजाचे औषध त्यांनी केले आणि आपल्याकडच्या झाडांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

त्यांचा जन्म इसवी सन 1501 च्या सुमारास पोर्तुगालमध्ये, स्पेनच्या सरहद्दीजवळच्या कास्तेलु द व्हीद या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले यहुदी. 1492 मध्ये स्पेनच्या राजाने यहुद्यांना देशाबाहेर घालवले तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले. पण तेथेही पाच वर्षांतच साऱ्या यहुद्यांचा जुलमाने बाप्तिस्मा करण्यात आला. अशा कुटुंबांना नवे ख्रिस्ती म्हणत आणि त्यांच्याकडे कायम संशयाने पाहत. चुलीवर काय शिजते, शनिवारी दिवा लागतो की नाही, यावरसुद्धा शेजाऱ्यांची नजर असे. अशा घरात हा मुलगा वाढला. स्पेनमधील सालामांका आणि अल्काला येथील विद्यापीठांत त्यांनी वैद्यक शिकले, गावी आणि मग लिस्बनला वैद्यकी केली, लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. तोवर घरच्या लोकांवरचा धोका वाढत होता. मार्च 1534 मध्ये मार्तीं आफोंसु द सोझा या सरदाराचे वैद्य म्हणून ते जहाजावर चढले आणि सहा महिन्यांच्या प्रवासानंतर गोव्यास उतरले. पुन्हा मायदेशी ते कधीच गेले नाहीत.

पहिली काही वर्षे सरदाराबरोबर स्वाऱ्यांत गेली. मग ते गोव्यात स्थायिक झाले. मोठमोठे अधिकारी त्यांच्याकडे औषधाला येत. औषधी द्रव्यांचा आणि रत्नांचा व्यापारही ते करीत. पुढे मुंबई बेट त्यांना पोर्तुगीज सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, याचे त्यांना मोठे कौतुक होते!

आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहाशी त्यांचा स्नेह होता. हा तोच राजा, ज्याचे विजापूरच्या राजकन्येशी 1524 मध्ये आपल्या सोलापुरात लग्न ठरून झाले. सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख आंदण म्हणून द्यायचे ठरले होते म्हणे, पण विजापूरकरांनी हात आखडता घेतला आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षे लढाया झाल्या. सिद्धेश्वर तळ्याकाठचा भुईकोट पाहताना ही आठवण ठेवावी. त्या निजामशहाच्या दरबारी इराणी, अरबी आणि हिंदू वैद्य एकत्र असत. ओर्ता तिथे राजाला औषध देत, आणि त्याहून अधिक म्हणजे त्या वैद्यांशी बोलत बसत. कोणत्या रोगाला तुम्ही काय देता, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, ते कुठून येते, अशी त्यांची विचारपूस चाले. राजाने भरपूर द्रव्य देऊ करून दरबारी राहण्याचा आग्रह केला, पण ते गोवा सोडून कायमचे गेले नाहीत.

त्या काळी युरोपातील वैद्य हिंदुस्थानातील औषधे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथांवरून ओळखीत. त्या ग्रंथकारांनी ती झाडे डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. दालचिनी म्हणे पक्षी घरट्यांसाठी आणतात, अशा कथाही जुन्या पुस्तकांत होत्या. ओर्तांनी ठरवले की जे आपण पाहिले ते सांगायचे आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगायचे. स्पेनमध्ये असतो तर जुन्या आचार्यांविरुद्ध बोलण्याची छाती झाली नसती, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे.

त्यांचा ग्रंथ 1563 च्या एप्रिलमध्ये गोव्यातच छापून निघाला. हिंदुस्थानात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. ग्रंथ संवादरूप आहे. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा नुकताच युरोपातून आलेला, पुस्तकी विद्येचा अभिमानी वैद्य. हा रुआनो कल्पित आहे. तो जुने दाखले देतो, ओर्ता अनुभव सांगतात. मध्येच मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो. आणि आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे अंतोनिया नावाची घरातली दासी येते. ओर्ता हाक मारतात आणि ती ते पान, ते फळ आणून समोर ठेवते. विद्वानांचा वाद चालला असता झाड ओळखून आणणारी ती! तिच्याविषयी ग्रंथात याहून फारसे काही नाही, याची रुखरुख वाटते.

आता त्यांची पारख कशी होती ते पाहू. निर्गुडीचे त्यांनी मनापासून कौतुक केले. सूज, ठणका, मार यांवर लोक तिचा इतका वापर करतात की तोडावे तितके ते झाड अधिक फुटते म्हणूनच शिल्लक राहिले, असे त्यांना वाटे. हिंगाचा वास त्यांना मुळीच सोसत नसे, तरी त्यात शिजवलेली भाजी चवीला बरी लागते असे त्यांनी लिहून ठेवले. एका पोर्तुगिजाच्या उमद्या घोड्याला वाताचा विकार होता, म्हणून विजयनगरचा राजा तो विकत घेईना. मालकाने घोड्याला पिठातून हिंग चारला, घोडा सुधारला आणि राजाने घेतला. काय दिले ते कळल्यावर राजा म्हणाला की मग नवल नाही, हे तर देवांचे अन्न. हे देवांचे नव्हे, सैतानाचे अन्न असावे, असे तो पोर्तुगीज आपल्या भाषेत हळूच पुटपुटला, अशी गोष्ट ओर्ता रंगवून सांगतात.

परंतु जिथे जिवाशी गाठ असे तिथे त्यांची लेखणी गंभीर होई. आपण मोडशी म्हणतो त्या वांतीजुलाबाच्या रोगाला पोर्तुगिजांनी आपलाच शब्द उचलून मोर्देशी म्हटले. कॉलऱ्याचे ते वर्णन वाचताना काटा येतो. डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, काही तासांत माणूस जातो. इथले लोक मिरे-जिरे घालून तांदळाची पेज पाजीत आणि तापल्या लोखंडाने तळपायाला डागीत. ओर्तांनी दोन्ही उपचार नोंदवले. आज आपल्याला ठाऊक आहे की पेजेत तथ्य होते, कारण शरीरातून गेलेले पाणी आणि मीठ भरून काढणे हाच या रोगाचा खरा उपाय आहे. डागण्यात मात्र काही तथ्य नव्हते. एकाच वैद्याच्या एकाच उपचारात खरे आणि खोटे असे शेजारी बसलेले असते, हे यातून ध्यानात येते.

धोतऱ्याचे प्रकरण तर आपण प्रत्येकीने वाचावे असे आहे. एका घरातल्या दासीने सगळ्यांच्या जेवणात धोतरा घालून घर लुटले. ओर्ता गेले तेव्हा माणसे हसत होती, भलतेसलते बोलत होती. पोट रिकामे करवून त्यांनी सर्वांना वाचवले. त्या वेळच्या रीतीप्रमाणे त्यांनी रक्तही काढले होते, तो उपचार आता कोणी करीत नाही. धोतरा पोटात गेल्याची शंका आली तरी आज थेट रुग्णालय गाठावे. शिवरात्रीला महादेवाला वाहिलेले ते काटेरी फळ पोरांच्या हाती लागू देऊ नये. 2020 च्या एप्रिलमध्ये करोनाच्या भीतीने आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात काही लोकांनी मोबाईलवरची चित्रफीत पाहून धोतऱ्याच्या बिया घेतल्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. चारशे वर्षांपूर्वी एका परक्याने या झाडाबद्दल लिहून ठेवले होते, आणि आपण अजून फसतो!

हिऱ्याची पूड विष असते, या समजुतीलाही त्यांनी धक्का दिला. खाणीतले गुलाम चोरून हिरे गिळतात आणि त्यांना काही होत नाही, हे त्यांनी पाहिले होते. जुन्या अतिसाराने खंगलेल्या नवऱ्याला एका बाईने कित्येक दिवस हिऱ्याची पूड खाऊ घातली. त्याला तिचा अपाय झाला नाही. तो पुढे आपल्या आजारानेच गेला.

ते चुकले नाहीत असे मात्र नाही. बकऱ्याच्या पोटात सापडणारा बेझोर नावाचा खडा विषावर उतारा आहे, असे ते मानीत. त्यात काही तथ्य नव्हते. आपल्या घरातील जाणती माणसेही अशीच असतात. दहा गोष्टी पारखून घेतात आणि अकराव्या ठिकाणी फसतात.

त्यांनी आणखी एक काम केले, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. प्रत्येक द्रव्याची अरबी, गुजराती, कोकणी, दख्खनी नावे त्यांनी शेजारी शेजारी लिहिली. नावाच्या घोटाळ्यात किती अनर्थ असतो ते आपण जाणतोच. ब्राह्मी म्हणून बाजारात दोन निरनिराळ्या वनस्पती मिळतात. शंखपुष्पी म्हणूनही एकाहून अधिक. वाण्याने पुडीवर काय लिहिले यावर विसंबून काढा करणाऱ्या भगिनीने आधी झाड जाणणाऱ्या माणसाला ते दाखवावे.

इतके सारे डोळ्यांनी पाहून लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःविषयी मात्र गप्पच राहावे लागले. त्यांच्या दोन बहिणी लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाच्या तुरुंगात होत्या. सुटल्यावर 1549 मध्ये आईसह त्या गोव्यास आल्या. पण 1560 मध्ये गोव्यातही तेच न्यायालय बसले. ग्रंथ छापला गेला तेव्हा ते घराजवळ येऊन ठेपले होते. ओर्ता 1568 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला पकडून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. आपला भाऊही मनाने यहुदीच होता, असे कुटुंबीयांच्या जबान्यांतून बाहेर आले. 1580 मध्ये ओर्तांच्या अस्थी कबरीतून उकरून काढून जाळण्यात आल्या.

ग्रंथ मात्र तोवर निसटला होता. 1567 मध्येच शार्ल द लेक्लूझ या वनस्पतितज्ज्ञाने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापला आणि युरोपभर त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. गोव्यात छापलेल्या मूळ ग्रंथाच्या फार थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. पणजीला गेलात तर मोठ्या चर्चसमोरच्या चौकात नगरपालिकेची बाग आहे. लोक तिला गार्सिया द ओर्ता उद्यान म्हणतात.